शृंगारपूरचे दोन पावसाळे

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारा प्रवासी संगमेश्वरात थांबतो तो बहुधा चहापुरता. शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा येथे संगम होतो. जवळच्या कसब्यात काळ्या दगडातले प्राचीन कर्णेश्वर मंदिर आहे आणि संभाजी महाराजांचे स्मारकही आहे. फेब्रुवारी १६८९च्या पहिल्याच दिवसांत मोगल सरदार मुकर्रबखानाने महाराजांना येथे कैद केले. तेव्हापासून संगमेश्वर हे नाव मराठी मनात या राजाच्या शेवटाशी कायमचे जोडले गेले आहे. याच तालुक्यात, शास्त्रीच्या वरच्या अंगाला, प्रचितगडाच्या पायथ्याशी शृंगारपूर नावाचे गाव आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. वास्तविक संभाजीराजांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रश्न संगमेश्वरात नव्हे, या गावात त्यांच्यापुढे उभा राहिला. आपल्याला नेमके काय हवे आहे हेच उमगत नसताना आयुष्याचा निर्णय कसा घ्यायचा, असा तो प्रश्न होता. त्याचे पहिले उत्तर त्यांनी चुकीचे दिले, आणि ते चुकीचे आहे हे स्वतःच ओळखून वर्षभरात मागे घेतले. या एका वर्षाबद्दल इतिहासकार, नाटककार आणि कादंबरीकार यांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याआधीच्या शृंगारपूरच्या दोन वर्षांबद्दल त्या मानाने थोडेच लिहिले गेले.

शृंगारपूर हे सुर्व्यांचे ठाणे. १६६१मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतले, सूर्यराव सुर्वे परागंदा झाला आणि त्याचे कारभारी पिलाजीराव शिर्के स्वराज्यात आले. हा संबंध दुहेरी सोयरिकीने पक्का करण्यात आला. पिलाजीरावांची कन्या येसूबाई भोसल्यांची सून झाली आणि महाराजांची कन्या राजकुंवरबाई शिर्क्यांच्या गणोजीस देण्यात आली. म्हणजे शृंगारपूर ही संभाजीराजांची सासुरवाडी, आणि त्यांच्या बहिणीचे सासरही.

राजांच्या बालपणाकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांच्या वतीने सतत कोणीतरी निर्णय घेत होते, आणि तसे घेण्यावाचून गत्यंतरही नव्हते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर त्यांचा जन्म झाला. सप्टेंबर १६५९मध्ये मातोश्री सईबाई गेल्या, तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे होते. जून १६६५मध्ये पुरंदरचा तह झाला आणि अवघ्या आठ वर्षांचे संभाजीराजे मोगलांचे पंचहजारी मनसबदार झाले. पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या दरबारात ते वडिलांबरोबर उभे होते, तेव्हा त्यांना नववे वर्ष पूर्ण होण्यास दोन दिवस कमी होते. ऑगस्टात सुटका झाली, पण महाराज दक्षिणेकडे निघाले आणि मुलाला मथुरेत मोरोपंतांचे नातलग असलेल्या त्रिमल बंधूंच्या घरी ठेवावे लागले. नऊ वर्षांच्या मुलाने परक्या मुलखात, परक्या नावाने, निरोप येईपर्यंत वाट पाहायची होती. तो परतला, आणि वर्षभरातच पुन्हा औरंगाबादेस शाहजादा मुअज्जमच्या भेटीस रवाना झाला. राजकारणातले एक मोहरे म्हणून त्याची ही पाठवणी प्रत्येक वेळी योग्यच होती. त्यातून स्वराज्य तरले. पण ज्याला काय हवे असे कधी विचारलेच जात नाही, त्याला ते ठरवण्याची सवयही लागत नाही. आजही घरोघर हे दिसते. फक्त तेथे डाव राज्याचा नसतो.

मुलगा मात्र तेजस्वी निघाला. संस्कृत, शस्त्रविद्या, घोडदौड यांत त्याने लौकिक मिळवला. फ्रेंच प्रवासी अबे कॅरे याने तरुण संभाजीराजांच्या रूपाची आणि धाडसाची तारीफ लिहून ठेवली आहे. जून १६७४मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यात सतरा वर्षांचे संभाजीराजे युवराज म्हणून बसले. त्याच महिन्यात, अकरा दिवसांनी, ज्यांनी आईच्या मागे त्यांना वाढवले त्या जिजाबाई निवर्तल्या. यानंतर रायगडावर त्यांचे असे माणूस उरले ते वडील, आणि वडील मोहिमांवर. सोयराबाईंना १६७०मध्ये पुत्र झाला होता. राजाराम वाढत होता, तसतशी वारशाची कुजबुजही वाढत होती. अण्णाजी दत्तो यांच्यासारखे मुरलेले प्रधान आणि विशीतला तापट युवराज यांचे पटेना. या बेबनावाला पुढच्या बखरकारांनी बदफैलीच्या कहाण्यांची जोड दिली. त्या कहाण्या वाचताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे, की त्यांतली सर्वांत गाजलेली बखर मल्हार रामराव चिटणीस यांनी सव्वाशे वर्षांनंतर लिहिली, आणि मल्हार रामराव हे संभाजी महाराजांनी देहदंड दिलेल्या बाळाजी आवजींचे वंशज होते.

ऑक्टोबर १६७६मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर निघाले. ही त्यांची सर्वांत मोठी मोहीम. तीत युवराजांना बरोबर घेतले नाही आणि रायगडावरही ठेवले नाही. सोयराबाई, प्रधानमंडळ आणि संभाजीराजे या तिघांना एका गडावर ठेवून इतके दूर जाणे महाराजांना धोक्याचे वाटले असावे. युवराजांची नेमणूक प्रभावळी सुभ्यावर झाली आणि मुक्काम शृंगारपुरी पडला. कागदोपत्री ही जबाबदारीची जागा होती. पण एकोणीस वर्षांच्या माणसाला, ज्याचा बाप त्याच वेळी जिंजी-वेलोर जिंकत आहे, सह्याद्रीच्या कुशीतले हे आडगाव काय वाटले असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

कोकणातला तो भाग पावसाळ्यात जगापासून तुटतो. घाटवाटा निसरड्या होतात, नद्या फुगतात, कासदांची ये-जा मंदावते. संभाजीराजांनी तेथे असे दोन पावसाळे काढले, १६७७चा आणि १६७८चा. हा काळ रिकामा मात्र गेला नाही. कनोजी ब्राह्मण कवी कलश यांचा सहवास होता, पंडितांच्या सभा भरत, काव्यशास्त्राची चर्चा चाले. राजांच्या नावावर असलेला ‘बुधभूषण’ हा राजनीतीवरचा संस्कृत ग्रंथ आणि ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’, ‘सातसतक’ या व्रजभाषेतल्या रचना पाहिल्या की त्यांच्या मनाची दोन टोके दिसतात. एकीकडे दुर्ग, कोश, अमात्य यांचा काटेकोर विचार करणारा भावी राजा. दुसरीकडे शृंगाररसात रमणारा कवी. पुन्हा, कवी परमानंदाच्या घराण्यातल्या ‘अनुपुराण’ या संस्कृत काव्यात शृंगारपूरच्या या दिवसांचे वर्णन आहे, त्यात युवराजांनी तांत्रिक पद्धतीचा कलशाभिषेक करवून घेतल्याचेही येते. याच मुक्कामात १६७८मध्ये येसूबाईंना कन्या झाली, भवानीबाई. सुभ्याचा कारभार, काव्य, अनुष्ठाने, संसार. एकाच माणसाच्या आयुष्यात एकाच वेळी इतके सारे चालू असावे, आणि तरी आपण नेमके कोण आहोत हे त्याला ठरवता येऊ नये, अशी ही अवस्था होती.

कारभारातही तोच ताण उतरला. रयतेला सारा माफ करण्याकडे युवराजांचा कल आणि खजिन्याचा हिशेब मागणारे रायगडचे कारभारी, असा झगडा ‘अनुपुराणा’त येतो. काव्यातले वर्णन जसेच्या तसे घेऊ नये हे खरेच. पण मध्यवर्ती सत्ता आणि दूर पाठवलेला तरुण अंमलदार यांच्यात असे घडते, हे सांगायला पुराणाची गरज नाही. आपण सुभेदार आहोत की उद्याचे छत्रपती, हा प्रश्न अशा प्रत्येक वादात पुन्हा डोके वर काढत असणार.

१६७८च्या मध्यास महाराज कर्नाटकातून परतले. राज्य आता सह्याद्रीपासून जिंजीपर्यंत पसरले होते, आणि त्याचे दोन वाटे करावेत, एक थोरल्यास आणि एक धाकट्यास, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. सभासदाच्या बखरीत तसे स्पष्ट आले आहे. ज्या भूमीत जन्म झाला, जेथले गड तोंडपाठ, ती सोडून युवराजांनी तुंगभद्रेपलीकडचा नवा मुलूख घ्यावा, अशी ही योजना. व्यवहारात ती वाईट नव्हती. जिंजीचे महत्त्व पुढे दहा-अकरा वर्षांतच साऱ्या मराठी राज्याला कळणार होते. पण देशत्याग आणि वाटणी यांतला फरक एकवीस वर्षांच्या संभाजीराजांना त्या वेळी जाणवला असेल असे वाटत नाही.

त्यांच्यापुढच्या वाटा मोजल्या तर चार दिसतात. वाटणी मुकाट्याने मान्य करणे ही पहिली. वडिलांना सामोरे जाऊन आपले म्हणणे मांडणे ही दुसरी. काहीही न करता वाट पाहणे ही तिसरी. काळ तर त्यांच्याच बाजूचा होता. चौथी वाट भीमेपलीकडे मोगलांच्या छावणीकडे जात होती, आणि तेथे दिलेरखान हात पसरून बसला होता. पहिल्या तिन्ही वाटांवर जाण्यासाठी आपल्याला काय हवे हे निदान स्वतःशी तरी सांगावे लागते. चौथीला त्याची गरज नव्हती. आहे ते नको, एवढे पुरेसे होते.

शृंगारपूरहून युवराजांना परळीस, म्हणजे सज्जनगडावर, जाण्याची आज्ञा झाली. समर्थांच्या सहवासात चित्त स्थिर व्हावे असा महाराजांचा हेतू असावा. ते व्हायचे नव्हते. १३ डिसेंबर १६७८ रोजी संगम माहुलीस स्नानाला जातो असे निमित्त करून संभाजीराजे गडावरून उतरले आणि दिलेरखानाला जाऊन मिळाले. बरोबर पत्नी दुर्गाबाई आणि बहीण राणूबाई होत्या.

या पावलाचा अर्थ लावताना अभ्यासकांची वाट फुटते. जदुनाथ सरकारांनी युवराजांच्या स्वैर वृत्तीला दोष दिला. त्यांच्यावर वर्षानुवर्षे चढलेली बदनामीची पुटे काढण्याचे काम १९६०मध्ये वा. सी. बेंद्रे यांच्या चरित्राने आणि १९७१मध्ये कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने केले. हे सारे शिवाजी महाराजांच्याच संमतीने रचलेले राजकारण होते, असेही मत मांडले गेले आहे. संमतीचा तर्क आकर्षक आहे, कारण तो सगळ्यांनाच सोयीचा. पण पुढच्या वर्षभरात जे घडले, विशेषतः भूपाळगडावर, ते पाहता तो टिकणे कठीण. पोटच्या मुलाशी संगनमत करून कोणी आपल्याच गडाच्या शिबंदीचे हात तोडवून घेत नाही. संभाजीराजांचा स्वतःचा या विषयावरचा शब्दही उपलब्ध आहे, आणि तो पुढे येईलच.

औरंगजेबाने या पाहुण्याला सात हजारी मनसब, राजा हा किताब आणि हत्ती दिला. म्हणजे आठव्या वर्षी जे मिळाले होते तेच, थोडे वाढवून. छावणीत शिरल्यावर त्यांच्या हाती काय उरले, तर पुन्हा दुसऱ्याने ठरवलेले. दिलेरखानाला संभाजी नावाचा सेनापती नको होता, संभाजी नावाचे निशाण हवे होते. एप्रिल १६७९मध्ये ते निशाण पुढे करून त्याने भूपाळगड घेतला. हा गड आजच्या सांगली जिल्ह्यातला. समोर युवराज दिसल्यावर किल्ल्यावरच्या मराठ्यांना तोफ कोणावर डागायची हा पेच पडला असल्यास नवल नाही. गड पडला, आणि हाती लागलेल्या शिबंदीपैकी सातशे जणांचा एकेक हात कलम करण्यात आला. ही माणसे वडिलांची होती, आणि वारसाहक्काने उद्या त्यांची स्वतःची व्हायची होती. शृंगारपुरात दोन वर्षे ज्याचे उत्तर सापडले नाही, त्याचे निम्मे उत्तर त्यांना या गडावर मिळाले असावे. आपल्याला काय हवे हे अजून ठरत नसेल. पण हे नको, एवढे निश्चित झाले.

तरीही पाय लगेच निघाला नाही. त्यानंतर आणखी सात-आठ महिने संभाजीराजे मोगलांबरोबरच होते. चूक कळणे आणि ती सोडणे यांत हे जे अंतर असते, त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. परत जायचे तर कोणत्या तोंडाने? बाप तुरुंगात टाकील, की त्याहून कठोर शिक्षा करील? छावणीत निदान मान होता, घरी काय होईल ते सांगता येत नव्हते. दरम्यान महाराजांचे गुप्त निरोप येत राहिले. दिलेरखान विजापूरच्या मुलखात घुसला, गावे लुटत, माणसे गुलाम करत निघाला. नोव्हेंबरात अथणीची बाजारपेठ जाळली गेली आणि तेथल्या रयतेच्या हालांवरून युवराज आणि खान यांच्यात वाजले. युवराजाला पकडून दिल्लीस पाठवावे असे बादशहाच्या मनात असल्याची बातमीही त्यांच्या कानी आली, असे सांगतात. नोव्हेंबरच्या अखेरीस थोड्या स्वारांनिशी ते रातोरात निसटले, विजापुरास पोहोचले आणि डिसेंबर १६७९मध्ये पन्हाळ्यावर आले. दुर्गाबाई आणि राणूबाई मात्र मोगलांच्या कैदेत राहिल्या. त्यांना सोडवण्याचे पुढचे प्रयत्न फळास आले नाहीत. एका माणसाच्या निर्णयाची किंमत बरेचदा त्याच्याबरोबर निघालेली माणसेच मोजतात.

जानेवारी १६८०मध्ये पन्हाळ्यावर पिता-पुत्रांची भेट झाली. महाराजांनी शिक्षा केली नाही. समजावले, राज्याचा विस्तार आणि व्याप उलगडून दाखवला, मुलाला पन्हाळ्यावरच ठेवले आणि भोवती विश्वासू माणसे नेमली. क्षमा होती, विश्वास अजून परतायचा होता. त्याला वेळ लागतो, आणि वेळ शिल्लक नव्हता. मार्चमध्ये रायगडावर राजारामाची मुंज आणि लग्न झाले, त्याला थोरला भाऊ नव्हता. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले, तेव्हाही संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. जे बोलायचे राहिले ते राहिलेच.

यानंतरचा माणूस वेगळा दिसतो. २१ एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामाला मंचकारोहण करवण्यात आले, आणि पन्हाळ्यावर संभाजीराजांना अटकेत ठेवण्याचे हुकूम निघाले. ते हुकूम त्यांच्याच हाती पडले. एकवीस वर्षांचा संभाजी कदाचित पुन्हा घोडा काढून भीमेकडे गेला असता. बावीस वर्षांच्या या संभाजीने गड ताब्यात घेतला आणि तेथेच पाय रोवले. मोरोपंत आणि अण्णाजी फौज घेऊन निघाले, तेव्हा सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी त्या दोघांनाच कैद करून पन्हाळ्यावर आणले. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ. भाच्याला गादी मिळत असताना त्यांनी सवतीच्या मुलाचा पक्ष घेतला. राजापूर-रायगडच्या राजकारणात या एका निर्णयाइतका निःसंदिग्ध निर्णय दुसऱ्या कोणी घेतला नसेल. १८ जूनला संभाजीराजे रायगडावर दाखल झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी कुडाळच्या बाकरे घराण्याला एक संस्कृत दानपत्र दिले. त्याच्या आरंभी त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या ओळी आहेत. या दानपत्रात वडिलांचा पराक्रम गौरवाने सांगितला आहे. आपल्याविषयी त्यांचे मन कलुषित करणाऱ्या प्रधानांचा उल्लेख आहे, आणि विशेष म्हणजे सावत्र आईविषयी कटुता नाही. तिचे मन निर्मळ होते, दोष कान भरणाऱ्यांचा, असा सूर आहे. दानपत्र हा काही आत्मचरित्राचा प्रकार नव्हे. त्यात राजाला शोभेल तेच लिहिले जाणार. तरी गेल्या चार वर्षांचा अर्थ लावून, तो कागदावर उतरवून, मग पुढे जाण्याची त्यांना गरज वाटली, हे महत्त्वाचे. मोगल छावणीतल्या वर्षाचे समर्थन मात्र त्यांनी मांडलेले नाही.

१६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक झाला. कैदेतले अण्णाजी दत्तो सुटले आणि त्यांना पुन्हा अधिकाराचे पद मिळाले. वर्षापूर्वी स्वतःला मिळालेली क्षमा राजांच्या आठवणीत ताजी असावी. ती क्षमा अण्णाजींना मानवली नाही. त्याच वर्षी विषप्रयोगाचा आणि पाठोपाठ दुसरा कट उघडकीस आला, तेव्हा अण्णाजींसह अनेकांना देहदंड झाला. त्यांतच बाळाजी आवजी चिटणीस होते. त्यांच्याबाबत घाई झाली हे राजांना पुढे उमगले असे परंपरा सांगते; त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ याला त्यांनी पदरी ठेवले, आणि खंडो बल्लाळाने आयुष्यभर या घराण्याची सेवा केली. ठाम झालेला माणूस चुकत नाही असे नाही. त्याची चूक अधिक खोल जाते, एवढाच फरक.

नियतीने याच सुमारास त्यांच्यापुढे जणू त्यांचेच प्रतिबिंब आणून उभे केले. औरंगजेबाचा मुलगा शाहजादा अकबर हा १६५७चाच, संभाजीराजांहून चार महिन्यांनी धाकटा. जानेवारी १६८१मध्ये, राजांचा राज्याभिषेक झाला त्याच महिन्यात, त्याने राजपुतान्यात बापाविरुद्ध बंड करून स्वतःला बादशहा म्हणवले. औरंगजेबाने एका बनावट पत्राने त्याच्यात आणि राजपुतांत संशय पेरला, रातोरात फौज पांगली, आणि दुर्गादास राठोडाच्या सोबतीने तो पळत पळत दक्षिणेत आला. जूनमध्ये तो सुधागडाखाली पालीस पोहोचला. राजांनी त्याची सोय लावली, पण भेटायला नोव्हेंबर उजाडला. बाप सोडून शत्रूच्या आश्रयाला आलेल्या राजपुत्राकडे संभाजीराजे कोणत्या नजरेने पाहत असतील! अकबराला दिल्लीचे तख्त हवे होते, पण त्यासाठी काय करायचे ते शेवटपर्यंत ठरले नाही. मराठ्यांनी उत्तरेवर चालून जावे, असा आग्रह धरत तो साडेपाच वर्षे कोकणात राहिला आणि १६८७मध्ये राजापूरच्या बंदरातून जहाजाने इराणकडे निघून गेला. तो परदेशातच वारला. बापाची भेट पुन्हा झाली नाही.

राजांची मधली वर्षे लढाईची आहेत आणि ती परिचितही आहेत. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, म्हैसूरकर आणि या सगळ्यांवर कडी म्हणून स्वतः औरंगजेब, अशा आघाड्यांवर ते एकाच वेळी झुंजत होते. नाशिकजवळचा रामशेज मोगलांना वर्षानुवर्षे दाद देईना. १६८६मध्ये विजापूर आणि १६८७मध्ये गोवळकोंडा बुडाले. आठ वर्षांत मराठी राज्य मात्र बुडाले नाही. त्याच १६८७च्या अखेरीस वाईजवळ हंबीरराव पडले. तेथून पारडे फिरले.

१६८८च्या शरद ऋतूत शृंगारपूर पुन्हा कथेत आले. शिर्के मंडळी आणि कवी कलश यांच्यात उघड लढाई जुंपली, कलशांना विशाळगडाचा आसरा घ्यावा लागला. जेधे शकावलीत याची नोंद आहे. एकीकडे सासर आणि बहिणीचे घर, दुसरीकडे शृंगारपूरच्या त्या दोन पावसाळ्यांपासूनचा जिवलग. कलश परप्रांतीय, मानकऱ्यांना खुपणारा. व्यवहार पाहणाऱ्याने शिर्क्यांना जवळ केले असते. राजांनी मित्राची बाजू घेतली, रायगडावरून येऊन शिर्क्यांचा पाडाव केला आणि ते विशाळगडी गेले. जानेवारी अखेरीस परतीच्या वाटेवर ते संगमेश्वरात थांबले. ख्यालीखुशालीसाठी थांबले, ही नंतरची कथा. यादव घराण्याच्या कागदांत वेगळेच दिसते. अर्जोजी आणि गिर्जोजी यादव यांच्या वतनाचे प्रकरण त्या वेळी त्यांच्यापुढे चालू होते. शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान कोल्हापूरहून सह्याद्रीची अवघड वाट उतरून अचानक येऊन थडकला. म्हाळोजी घोरपडे लढताना पडले. राजे आणि कलश दोघेही पकडले गेले.

बहादूरगडावर औरंगजेबासमोर त्यांना उभे करण्यात आले. मोगलांची छावणी त्यांना नवी नव्हती. आग्रा, औरंगाबाद, दिलेरखानाचा तळ, असे तीनदा ते त्या तंबूंत वावरले होते, कधी मनसबदार म्हणून, कधी पाहुणे म्हणून. किल्ले आणि खजिना कोठे आहे ते सांगावे, अशी बादशहाची मागणी होती. त्यांनी काही सांगितले नाही. ११ मार्च १६८९ रोजी, भीमा-इंद्रायणीच्या काठी, त्यांना हालहाल करून ठार मारण्यात आले. कवी कलशांचाही तोच शेवट झाला. राजांचे वय एकतीस होते.

रायगडावर त्या वेळी येसूबाई होत्या. नवरा शत्रूच्या हाती, मुलगा शाहू सात वर्षांचाही नाही, गडाला झुल्फिकारखानाचा वेढा पडणार हे उघड. गादी मुलाची, आणि ती त्याच्यासाठी मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. शृंगारपूरच्या या लेकीने गादी दिरास देवविली. फेब्रुवारीतच राजारामाचे मंचकारोहण झाले, आणि सगळ्यांनी एके ठिकाणी राहू नये म्हणून एप्रिलमध्ये राजाराम गडाबाहेर पडला. तो अखेर पोहोचला जिंजीस, म्हणजे एके काळी थोरल्या भावाच्या वाट्याला येऊ घातलेल्या त्याच मुलखात. येसूबाई मुलासह गडावर राहिल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला, त्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७मध्ये सुटला. येसूबाई परतल्या १७१९मध्ये, तीस वर्षांनी.